नाक्यावरचा कागद नक्की कुणाचा?

प्रश्न: माझं माहेर महाराष्ट्रातलं कागल, सासर कर्नाटकातलं निपाणी. 2021 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आई आजारी होती, आठवड्याला जाऊन येऊन करायचे, पण परत येताना कोगनोळी नाक्यावर 72 तासांच्या आतला कोरोनाचा आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट मागायचे. एकदा तर रिपोर्ट हातात पडेपर्यंतच दोन दिवस गेले, मग उरलं काय? केंद्र म्हणत होतं अडवू नका, मग हे अडवणारे कोण? – एक वाचक, निपाणी

उत्तर: ताई, मागणारा नाक्यावरचा पोलीस, पण ऑर्डर बेंगळुरूची. दवाखाने-आरोग्य हा विषय घटनेत राज्याचा, साथ एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून कायदा मात्र दोघंही करू शकतात, सगळी गंमत इथंच आहे. केंद्रानं लॉकडाऊन लावलं 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, तर 1897 चा साथरोग कायदा प्लेगच्या वेळचा, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होतं! असो.

तुमचं खरं आहे, ऑगस्ट 2020 मध्ये केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांना पत्र लिहून बजावलं होतं, ये-जा अडवू नका, परवानगीही मागू नका. कर्नाटकानं तेव्हा सेवा सिंधू या आपल्या पोर्टलवरची नोंदणी नि नाक्यावरची तपासणी बंदही केली. सहा महिन्यांनी महाराष्ट्रात केसेस वाढल्या आणि रिपोर्ट सुरू. अडवलं नाही, फक्त कागद मागितला असं म्हणायला जागा राहते, पण ज्याच्याकडं कागद नाही त्याला ती बंदीच की.

मला खटकतं ते वेगळंच. बेळगावच्या डीसींचा, म्हणजे इकडच्या कलेक्टरांचा, हुकूम कोगनोळीपर्यंत, पलीकडं कोल्हापूरच्या कलेक्टरांचा, दोघांवर मिळून बसणारं जिल्हा पातळीवर कुणी नाहीच, फाईल फिरणार बेंगळुरू, मुंबई, दिल्ली. इकडं आशाताई दारोदार फिरून कॉन्टॅक्ट शोधणार, पण पेशंट कागलच्या बाजारात कुणाला भेटला ते तिला कोण सांगणार? आता बेळगावातच बघा, स्वॅब तपासायला आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषदेची) लॅब केंद्राची, सरकारी दवाखाना राज्याचा, गल्लीतली फवारणी महापालिकेची. तिघांचं कुरकुरत का होईना जमलं, कारण तिघं एकाच जिल्ह्यात.

पुन्हा अशी वेळ आली तर नाक्यावर भांडू नका, ऑर्डरची तारीख विचारा, कारण ऑर्डर दर थोड्या दिवसांनी बदलते आणि कधीकधी नाक्यावर जुनीच चालू असते. जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष डीसीच असतात, सवलतीचा अर्ज त्यांच्याच ऑफिसात द्या, आईच्या डॉक्टरची चिठ्ठी जोडा, आणि पोचवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.