तुरुंगातल्या चित्रकारासोबत टपालाने पहिल्यांदा काम करणार असशील तर
तुझा उत्साह बघून खूप बरं वाटलं, पण सुरुवात रंगांपासून नको, नियमांपासून कर. आत काय जातं आणि काय गेटवरूनच परत येतं हे प्रत्येक तुरुंगात वेगळं, स्पायरलची तार, ग्लिटर, चिकटवलेला कोलाज हे बऱ्याच ठिकाणी अडतं. माझं पहिलं वॉटरकलरचं पान तसंच परत आलं आणि दीड महिना गेला. आता साधा कागद आणि पेन्सिल, बस्स.

पत्रं तपासली जातात, उशीर होतो, कधी समोरच्याला मधेच दुसऱ्या तुरुंगात हलवतात, म्हणून प्रदर्शनाची तारीख आधी ठरवू नकोस. आणि एकाच पानावर आळीपाळीने काढणार असाल तर पाठवण्याआधी स्कॅन करच.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- गुन्हा काय केला हे विचारणं. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.
- 'तुरुंगाचंच काढ' असा आग्रह. मी ज्याच्यासोबत काढायचो तो कैदी दोन वर्षं नुसते पक्ष्यांचे पाय काढत होता, बॉलपेनने, एकेक खवला सुटा दिसायचा, मी बघतच राहायचो.
- नाव आणि पैशांवर न बोलणं. काही ठिकाणी कैद्याला विक्रीचे पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे हे आधीच लेखी ठरव, आणि नाव छापायचं का तेही त्यालाच विचार.

ब्रिटनमधली कोस्टलर आर्ट्स ही संस्था १९६२ पासून कैद्यांच्या कलेला पुरस्कार देते, त्यांच्याकडची कामं जरूर बघ.

आणि महिन्याला एक पत्र म्हणालास तर ते जायलाच हवं, तिकडे कुणीतरी वाट बघत असतं.