लग्न तोंडावर आणि बुगडीसाठी कान टोचायचाय

प्रश्न : डॉक्टर, माझं लग्न पाच आठवड्यांवर आलंय. आजेसासूबाईंनी मोत्यांची बुगडी दिलीय, पण माझ्या कानाला वर भोक नाही. मैत्रीण म्हणते, मॉलमध्ये गनने टोच, कळतही नाही. आत्या म्हणते, सोनाराकडे जा आणि हळद-तेल लाव. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लग्नापुरतं दोघींचंही नको. तीच बुगडी सोनाराकडून चापाची करून घे आणि लग्नात मिरव. टोचायचं ते नंतर, निवांत.

कानाची पाळी दीड-दोन महिन्यांत भरते. बुगडी बसते तिथे मात्र कूर्चा, म्हणजे हाडासारखा पण लवचिक भाग असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. वरच्या पातळ आवरणातून झिरपेल त्यावर ती जगते. म्हणून तिथली जखम भरायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. जंतू शिरले तर औषधही तिथे सहज पोचत नाही. पू साठला की कूर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळतो.

टोचतानाची कळ क्षणाची असते गं. खरा त्रास पुढचा. त्या कुशीवर झोप नाही, कंगवा अडकतो, ओढणी अडकते. त्यात तुझी हळद, मुंडावळ्या, अंबाड्याचे आकडे, केसांवरचा स्प्रे! ताज्या जखमेला यातलं काहीच सोसणार नाही.

आता गनबद्दल. तिच्यातून सुटणारा खडा, म्हणजे कानात बसणारा दागिनाच, बोथट असतो, स्प्रिंगच्या जोरावर घुसतो आणि कूर्चा चिरडतो. शिवाय प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही. माझे वडील सोनार होते. पोराला आईच्या मांडीवर बसवायचे, सोन्याच्या तारेला कानशीने टोक काढायचे आणि पोरगं रडायच्या आत तार आरपार. त्या खड्यापेक्षा ती तार केव्हाही बरी. पण टोचण्याआधी ते ती धोतराला पुसायचे, तेवढं सोडून! तू निर्जंतुक पोकळ सुईनेच टोचून घे. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव. आत टायटॅनियमचा दागिना घाल. नकली दागिन्यात, कधी पांढऱ्या सोन्यातही निकेल असतं. ते सोसलं नाही की कान खाजतो, चिघळतो.

मग दिवसातून दोनदा मेडिकलमधल्या नॉर्मल सलाइनमध्ये गॉज भिजवून खपली मऊ करायची आणि पुसून घ्यायची. कापूस नको, त्याचे धागे अडकतात. हळद, तेल, स्पिरिट, डेटॉल काही नको. ‘भोक बुजेल, दागिना फिरवत राहा’ असं घरोघरी सांगतात. फिरवलास की भरत आलेली जखम पुन्हा उघडते.

एक खूण लक्षात ठेव : कानाचा वरचा भाग लाल, गरम, ठणकणारा आणि खालची पाळी मात्र ठीक. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. दागिना स्वतः उपटू नकोस. भोक बंद होऊन पू आत कोंडतो.

प्रश्न : दंडावर टॅटू काढून आठवडा झाला. खपल्या निघताहेत, भयंकर खाज सुटते. रंग उडतोय का? कॉलेजात रक्तदान शिबिर आहे, रक्त दिलं तर चालेल?
– विद्यार्थी, नाशिक

उत्तर : निघतेय ती वरची कातडी. शाई तिच्याखालच्या थरात पेशींनी धरून ठेवलीय, ती जात नाही. पण खपली नखाने काढलीस तर तिथे पांढरा ठिपका राहू शकतो. खाज आली तर वरून थोपट. बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी पातळ लाव. पोहणं आणि कडक ऊन दोन-तीन आठवडे बंद. टॅटूत लाल रंग असेल आणि नेमका तेवढाच भाग महिन्यानंतरही उंच राहून खाजत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. लाल शाईची ॲलर्जी सगळ्यांत जास्त दिसते.

रक्त मात्र १२ महिने देता येणार नाही. अस्वच्छ सुईतून कावीळ बी, सी किंवा एचआयव्ही आला असेल, तर सुरुवातीला तपासणीतही निसटू शकतो. शर्टाची बाही खाली ओढून रांगेत उभा राहू नकोस. शिबिराला जरूर जा. फॉर्म भरून घ्यायला आणि बिस्किटं वाटायला माणसं लागतातच.