मद्रास फ्रेंचांकडेच राहिले असते, तर शहर आणि समाज कसे दिसले असते?
१७४६ मध्ये जिंकलेले मद्रास फ्रेंचांनी १७४८ च्या तहानुसार इंग्रजांना परत केले नसते, तर त्याच्या रूपाचा अंदाज बांधायला पुदुच्चेरी, म्हणजे फ्रेंचांची जुनी वसाहत, हाच भरवशाचा नमुना आहे. तिथे कालव्याच्या पूर्वेला उंच भिंतींआड अंगण दडवणारी युरोपीय घरे आहेत, तर पश्चिमेला वाटसरूला बसता येईल असा ओटा, म्हणजे ‘तिण्णै’, असलेली तमिळ घरे. काहींचा तळमजला तमिळ आणि वरचा मजला फ्रेंच धाटणीचा आहे. (रस्त्यांची काटकोनी आखणी मात्र मुळात डचांची.) समाजाबाबत मी अधिक सावध राहीन. १८८१ च्या फ्रेंच हुकमाने तिथल्या लोकांना वैयक्तिक कायदा (लग्न, वारसा यांबाबतचे धर्म-रूढींचे नियम) सोडून फ्रेंच दिवाणी कायदा पत्करण्याची मुभा दिली, तरी बहुसंख्य हिंदूंनी ती घेतली नाही. मद्रासमध्ये वेगळे घडले असते, असे मानायला मला कारण दिसत नाही.