पुतळ्याशी काय बोलायचं?

प्रश्न : सिस्टर, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या सहाव्या सेमिस्टरला आहे. सिम्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे पुतळ्यावर सराव करायच्या खोलीत, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची तालीम घेतात. प्रोसिजर मला पाठ आहे, पण चौघींनी मिळून करताना गोंधळ उडतो. वर मॅडम म्हणतात, ‘पेशंटशी बोला.’ पुतळ्याशी बोलणं नाटकी वाटतं. त्यापेक्षा वॉर्डातच जास्त वेळ दिला तर?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : वॉर्ड हवाच. पण तिथे खरंच रक्त वाहायला लागलं की विद्यार्थिनीला बाजूला करतात, आणि ते योग्यच आहे. मग त्या वेळेची सवय व्हायची कुठे? अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या अभ्यासात क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबतच्या कामाचे, निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनने भरून काढले, तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत.

आता गोंधळाचं. ‘कुणीतरी ऑक्सिटोसिन द्या’ (गर्भाशय आकुंचन पावायला देतात ते औषध) म्हटलं की दोघी धावतात, नाहीतर कुणीच हलत नाही. नाव घेऊन सांग : ‘स्नेहा, ऑक्सिटोसिन १० युनिट, आयएम’ (म्हणजे स्नायूत). स्नेहाने तेच परत म्हणायचं आणि दिल्यावर ‘दिलं, १० वाजून १२ मिनिटं’ असं मोठ्याने सांगायचं. डॉक्टरांना फोनवर नुसतं ‘पेशंट सिरियस आहे’ म्हणू नकोस. ‘लेबर रूममधून बोलतेय. आत्ताच डिलिव्हरी झाली, ब्लीडिंग थांबत नाही. तिसरी खेप, वार पूर्ण पडलीय. बीपी ९०/६०, पल्स १२०, गर्भाशय सैल लागतंय. ऑक्सिटोसिन दिलंय. लगेच या.’ एवढं अर्ध्या मिनिटात होतं.

तुमच्याकडे पोटाला बांधायचं मामानॅटली मॉडेल असेल, तर एकदा तूच बाळंतीण हो. नकली रक्त कमीजास्त करणं तुझ्याच हातात असतं. टेकून बसलीस की कळेल : चौघी एकमेकींशी बोलतात, एक पोट चोळते, दुसरी सुई टोचते, आणि काय चाललंय ते तुला कुणीच सांगत नाही. माझ्या विद्यार्थिनी तिथे बसून आल्या की पुढच्या फेरीत आपणहून म्हणतात, ‘ताई, रक्त जास्त जातंय म्हणून पोट चोळतेय, दुखेल थोडं. बाळ छान आहे.’

तालमीनंतरच्या चर्चेला पुरेसा वेळ द्या, असं मॅडमना आवर्जून सांग. त्यात ‘चुकलं कोण’ यापेक्षा ‘पल्स वाढल्याचं आधी कुणाच्या लक्षात आलं, आणि ती बोलली का’ हे विचारा. बऱ्याचदा सगळ्यात ज्युनिअर मुलीच्या लक्षात आलेलं असतं आणि ती संकोचाने गप्प राहते. मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. पुढच्या वेळी नोंदी लिहायचं काम तू मागून घे. कोण काय बोललं नाही, ते तिथून नीट दिसतं.