विम शिकताना

प्रिय मित्रा,

विम हा मुख्यतः कीबोर्डवर चालणारा टेक्स्ट एडिटर सुरू केल्यापासून कामाचा वेग निम्म्यावर आला, असं तू लिहिलंस. तो पडणारच. आजवर हात आपोआप माउसकडे जायचा. आता साधी हालचालही आठवून करावी लागते. डेडलाइन तोंडावर असताना हा खटाटोप करू नकोस. रोज अर्धा तास विमट्यूटर, म्हणजे विमसोबत येणारा सरावाचा धडा, कर, बाकीचं काम सध्या जुन्या एडिटरमध्येच उरक.

शॉर्टकटचा तो भलामोठा तक्ता मात्र भिंतीवरून काढ. इथे शॉर्टकट पाठ करायचे नसतात, जोडायचे असतात. डी म्हणजे काढ, सी म्हणजे बदल, वाय म्हणजे कॉपी कर. त्यापुढे काय काढायचं, काय बदलायचं ते सांगायचं. एखाद्या ओळीत दुहेरी अवतरणात मजकूर असेल तर सी, आय (म्हणजे आतलं) आणि तेच अवतरणचिन्ह दाबून बघ. कर्सर अवतरणाच्या अलीकडे असला तरी चालतो. आतला मजकूर जातो, चिन्हं जागेवर राहतात आणि तू थेट नवं टाइप करायला मोकळा. मग टायपिंग संपवायला एस्केप. तसाच बदल आणखी कुठे हवा असेल तर तिथे जाऊन नुसतं टिंब दाब. हे टिंब हातात बसलं की मॅक्रोकडे, म्हणजे कळांची अख्खी मालिका नोंदवून पुन्हा चालवण्याकडे, वळ, त्याआधी नको.

कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही अक्षरं विचित्र वाटतात, खरं आहे. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलेत व्हीआय, म्हणजे विमचा पूर्वज, लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते आणि एस्केप होतं आजच्या टॅबच्या जागी. आता त्यासाठी करंगळी ताणावी लागते, म्हणून कॅप्सलॉकचं एस्केप करून घे, खुशाल.

दुसऱ्याचं तयार कॉन्फिगरेशन, म्हणजे विमच्या सेटिंग्जची फाइल, उचलू नकोस. काही बिघडलं की कुठल्या प्लगइनमुळे (वरून जोडलेल्या भागामुळे) ते शोधण्यातच दिवस जाईल. एकेक ओळ गरज पडेल तशी स्वतः लिही.

आणि टायपिंगचा वेळ वाचेल म्हणून हे शिकू नकोस. आपला बराचसा वेळ कोड वाचण्यात आणि विचारात जातो. माझ्या मते खरा फायदा असा, की बदल सुचला आणि झाला, यात विचाराचा धागा तुटत नाही. शिवाय एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या मशीनवर लॉगिन करून, सर्व्हरवर गेलास की बहुतेक ठिकाणी व्हीआय असतोच.

हात जिथे सारखा अडखळतो तो कोडचा तुकडा पुढच्या मेलमध्ये पाठव, त्यावरच बोलू.