माझे फटके चांगले असूनही क्लबमधल्या ‘ढकल्या’ खेळाडूकडून मी दर वेळी का हरतो?

आपण लिहिले आहे की तीन वर्षे टेनिसचे रीतसर प्रशिक्षण घेतले, क्लबात आपल्याइतका जोरदार फोरहँड कोणाचा नाही, आणि तरीही पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ ‘नुसता बॉल ढकलून’ आपल्याला हरवतात. या प्रश्नाचे उत्तर द्यायचा अधिकार मला आहे, कारण आमच्या क्लबात ते गृहस्थ म्हणजे मीच.

वय ५७, उंची बेताची, आणि सर्व्हिस अशी की कोर्टवरच्या बॉल बॉयलाही तिचे भय वाटत नाही. पुण्यात लाल मातीच्या कोर्टवर मी बावीस वर्षे सकाळी साडेसहाला खेळतो आहे. ‘ढकल्या’ हा शब्द मी पाठीमागे पुष्कळदा ऐकला आहे; तोंडावर तो फक्त माझ्या धाकट्या मेहुण्याने वापरला. तो सांगलीचा, कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळलेला, आणि फटक्यांच्या बाबतीत खरोखरच देखणा. दर दिवाळीत आमचा एक सामना होतो, हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ द्यायची असा रिवाज आहे, आणि मिसळ खाता खाता त्याचे ठरलेले वाक्य येते: “दाजी, याला टेनिस म्हणत नाहीत. ही हमाली झाली.”

पाच वर्षांपूर्वी पाडव्याच्या सकाळी हा वाद कायमचा मिटवावा म्हणून मी पत्नीला कोर्टाशेजारच्या बाकावर डायरी घेऊन बसवले. तिने मागच्या पानावर चार रकाने आखले: तिच्या भावाने स्वतःच्या फटक्याने जिंकलेले गुण, त्याने चुकून घालवलेले गुण, आणि तेच दोन रकाने माझ्यासाठी. दुसऱ्या सेटमध्ये ५-५ असताना ड्यूसला, म्हणजे गेम ४०-४० असा बरोबरीत असताना, झालेला एक गुण मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्याने मला बॅकहँडच्या कोपऱ्यात पार बाहेर काढले, मी कसाबसा लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारा उंच बॉल, टाकला, त्याने स्मॅश मारला, तो मी पडद्याजवळून परत उचलला, त्याने दुसरा मारला, तोही परत गेला, आणि तिसरा स्मॅश त्याने बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या शेवटच्या रेषेच्या, मागच्या हिरव्या पडद्यावर हाणून रॅकेटकडे असे पाहिले की जणू तिचे गटिंग, म्हणजे तारांची वीण, मीच बिघडवले होते. पुढचा गुण त्याने डबल फॉल्ट करून, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवून, मला देऊन टाकला.

सामना मी ६-४, ७-५ असा जिंकला. डायरीतले आकडे असे होते: त्याने फटक्याने जिंकलेले गुण ३९, माझे १३, त्याच्या चुका ६१, माझ्या २७. म्हणजे सुंदर फटके त्याने माझ्या तिप्पट मारले आणि तरी तो हरला. पत्नीने ते पान मिसळीच्या टेबलावर त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते वाचले, घडी घातली आणि म्हणाला, “ताई, हे रकानेच चुकीचे आहेत.”

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या पानावर आहे. आपल्याला तो गृहस्थ हरवत नाही, आपण स्वतः हरता, आणि समोरच्याविषयीचा तुच्छभाव हे त्याचे मुख्य कारण आहे. ‘या माणसाला तर उडवलाच पाहिजे’ असे मनात आले की आपण रेषेच्या वीतभर आत नेम धरता, तिसऱ्याच फटक्याला गुण संपवायला जाता, आणि संथ आलेल्या बॉलला लागणारा सगळा जोर स्वतःच्या खांद्यातून काढता. जोरदार बॉलचा वेग उसना घेता येतो. माझा बॉल उसने काही देत नाही. १९७५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात आर्थर अ‍ॅश यांनी गतविजेत्या जिमी कॉनर्सला नेमके हेच करून दाखवले. स्वतः जोरदार खेळणाऱ्या अ‍ॅश यांनी त्या दिवशी वेग काढून घेतलेले, खाली राहणारे बॉल त्याच्या फोरहँडला दिले, वर लॉब टाकले, आणि ६-१, ६-१, ५-७, ६-४ असे जिंकले. आपल्या रमेश कृष्णनची सर्व्हिस कोणाला कधी धडकी भरवणारी नव्हती, पण १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने तेव्हाच्या अव्वल मानांकित मॅट्स विलँडरला दुसऱ्याच फेरीत घरी पाठवले. मेहुण्याला हे सांगितले तर तो म्हणतो, “दाजी, तुम्ही कृष्णन नाही.” हे खरे आहे, पण तोही विलँडर नाही.

आता मला हरवायचे कसे, हे सांगणे जरा जिवावर येते. आमच्या क्लबात हे दोघांनाच जमते. एक आमचा मार्कर, म्हणजे सभासदांना सराव देणारा क्लबचा पगारी खेळाडू, ज्याच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही, आणि दुसऱ्या म्हणजे पन्नाशीच्या एक डॉक्टर बाई. त्या मला बेसलाइनवर सुखाने राहूच देत नाहीत. बॅकहँडला आखूड, खाली बसणारा स्लाइस, म्हणजे उलट फिरकीचा फटका, देऊन मला नेटपाशी ओढतात, जिथे मी पूर्णपणे निरुपयोगी आहे, आणि मग शांतपणे डोक्यावरून लॉब टाकतात. गुण संपवायची संधी येईपर्यंत त्या तिरपे खेळत राहतात, आणि त्याला कारण आहे: तिरपा बॉल नेटच्या मध्याजवळून जातो, आणि नेट कडेला साडेतीन फूट असते आणि मध्यावर तीन, शिवाय ७८ फुटांचे कोर्ट एकेरीत कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजले तर साडेचार फुटांनी लांब भरते. आपणही नेटच्या वरून किमान रॅकेटभर उंचीने, रेषेच्या चार फूट आत, असे खेळून पाहा. पहिले काही आठवडे कंटाळा येईल.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आपण अठरा-वीस वर्षांचे असाल आणि पुढे स्पर्धा खेळायचा विचार असेल, तर यातले बरेचसे सोडून द्या. त्या वयात बॉल मोकळेपणाने मारत चुकणे चांगले, ढकलून जिंकायची सवय नंतर नडते. सिमेंटच्या कोर्टवर, जिथे बॉल लवकर अंगावर येतो, तिथे माझीही मात्रा अर्धीच चालते. आणि समोरचा जर फटके राखून मारणारा असेल तर डायरीतले रकाने उलटे भरतात. गेल्या दिवाळीत मेहुण्याने दोनदा मला आखूड स्लाइसवर नेटपाशी ओढले, दोन्ही वेळा डोक्यावरून लॉब टाकला, आणि मिसळ मला द्यावी लागली. त्या दिवशी हमालीचा विषय कोणीच काढला नाही.