सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टसाठी नायकीचा स्वस्त बूट 'यानिस इम्मॉर्टॅलिटी' घेऊ की पैसे साठवून त्यांचाच महाग 'झूम फ्रीक'? स्वस्त बुटात एअर, म्हणजे सोलमधली हवेची गादी, नसते म्हणतात.

नसते, खरं आहे. पण तेवढ्यावरून बूट बाद करणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. २०१९ चा झूम फ्रीक १ होता १२० डॉलरचा. त्यात दुहेरी झूम एअर होतं, तेही फक्त टाचेत. चवड्याखाली नुसता फोम. २०१७ च्या ११० डॉलरच्या पीजी १ मध्ये (हाही नायकीचाच) बरोबर उलटं, एअर चवड्याखाली. महाग बुटातही कुठेतरी हात आखडलेलाच असतो. आणि २००६ मध्ये स्टेफन मार्बरी हा खेळाडू १४.९८ डॉलरचा स्टारबरी वन बूट घालून एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, उतरला होता, हेही लोक विसरतात.

सिमेंटवर आधी मरतो तो सोल. खडबडीत सिमेंट म्हणजे सँडपेपरच. मऊ रबर लाकडी कोर्टवर छान पकडतं, इथे मात्र अंगठ्याच्या उंचवट्याखाली भराभर गुळगुळीत होतं. दुकानात सोलवर नख दाबा; सहज रुतलं तर ठेवून द्या. खाचा खोल हव्यात, जाड हव्यात. बारीक नक्षीत धूळ बसते आणि ब्रेक मारताना पाय सरकतो.

मग टाच एका हातात, पुढचं टोक दुसऱ्या हातात धरून बूट पिळा. फडक्यासारखा पिळला गेला तर मधली कडक पट्टी नाही किंवा नावापुरती आहे. वाकवलात तर चवड्यापाशी वाकायला हवा. मधोमध वाकला तर तळव्याच्या कमानीवर ताण येणार. टाचेची वाटी अंगठ्याने दाबून बघा, चेपली जाता कामा नये. चवड्याच्या बाहेरच्या बाजूला सोल वरच्या कापडापेक्षा थोडा रुंद असावा, नाहीतर कट मारताना, म्हणजे पळता पळता झटकन दिशा बदलताना, घोटा मुरगळतो.

फोमचं दुखणं वेगळं. तो हळूहळू बसतो. बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या दिसू लागल्या की समजा संपला, वरून बूट कितीही नवा दिसो. नवा इनसोल घातला तरी तो परत येत नाही. रोज खेळत असाल तर दोन जोड आलटून पालटून वापरा.

वजन नव्वदच्या पुढे असेल किंवा गुडघे आधीच कुरकुरत असतील तर माझं वरचं भांडण सोडा आणि जास्त उशीचाच बूट घ्या. फक्त ती टाचेत आहे की चवड्याखाली, ते आधी विचारा. माप संध्याकाळी, खेळायचे मोजे घालून घ्या.